स्लॅबखालचा क्लॅम्प कोणाच्या हिशेबात?

सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅब भरताना तो खालून धरणाऱ्या तात्पुरत्या सांगाड्याचा, दर स्क्वेअर फुटावर ठरतो. स्लॅबचे क्षेत्रफळ मोजायचे, त्याला दराने गुणायचे, बीम जास्त असतील तर थोडी घासाघीस करायची, की सौदा पक्का. उंची जास्त असेल तर दर किंचित वर सरकतो. पण खालच्या टेकूंना किती आडव्या नळ्या लागतील, त्या जोडायला किती क्लॅम्प लागतील, तिरप्या कैच्या कुठे पडतील, हे त्या दरात कुठेच वेगळे लिहिलेले नसते. क्लॅम्प लावला तर त्याचे भाडे आणि तो कसणाऱ्या माणसाची मजुरी सेंट्रिंगवाल्याच्या खिशातून जाते. नाही लावला तर दोन्ही वाचतात. भरता भरता स्लॅब कोसळला की दुसऱ्या दिवशी बातमीत 'निष्काळजीपणा' आणि 'निकृष्ट साहित्य' हे दोन शब्द येतात. मला वाटते, निष्काळजीपणा शोधायला निघण्याआधी हा दर एकदा नीट वाचावा.

क्लॅम्प ही वस्तू तशी नगण्य दिसते. किलोभराची, दोन जबड्यांची, बोल्ट आणि नट असलेली. ४० मिलिमीटरची म्हणून ओळखली जाणारी नळी, जिचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर असतो, ती एका जबड्यात. दुसरी नळी दुसऱ्या जबड्यात. काटकोनात घट्ट धरणारा तो फिक्स आणि हव्या त्या कोनात फिरणारा तो स्विव्हल. बीमच्या बाजू आवळून धरणारा शिकंजा वेगळा, कॉलमच्या पेटीला चारही बाजूंनी वेढणारा कॉलम क्लॅम्प वेगळा. तत्त्व मात्र एकच: पकड घर्षणाची. नळीला भोक नाही, जोड नाही, वेल्डिंग नाही. बोल्ट जेवढा आवळला असेल तेवढीच पकड. युरोपच्या मानकात असा क्लॅम्प तपासताना नट ५० न्यूटन-मीटर जोराने कसतात. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला वीस किलोच्या ओढीएवढा हा जोर झाला. नीट कसलेला फिक्स क्लॅम्प नळीवरून न घसरता साधारण सहाशे किलो भार सुरक्षितपणे धरतो असे ब्रिटिश व्यवहारात मानतात. आता नळीवर जुन्या सिमेंटचा थर आहे, जबड्यात गंज आहे, बोल्टचे आटे गेलेत, नट दुसऱ्याच कुठल्या बोल्टचा आहे आणि कसणाऱ्याकडे पान्याऐवजी हातोडी आहे, असे धरा. त्या सहाशेतले किती उरले, हे कोणी सांगू शकत नाही. त्या दिवशी कोणी विचारतही नाही.

पण क्लॅम्पचे खरे काम भार उचलण्याचे नाहीच, आणि बांधकामावरच्या बऱ्याच लोकांची गफलत इथे होते. स्लॅबचा भार टेकूच्या डोक्यावरून सरळ जमिनीत जायला हवा. मधल्या आडव्या नळीवर आणि तिच्या क्लॅम्पवर तो टांगलेला नसावा. क्लॅम्प हवा तो टेकूला मध्येच वाकू न देण्यासाठी. उभी नळी भाराखाली चिरडून क्वचितच मोडते. ती कमरेत वाकते. आणि किती भाराला वाकेल हे तिच्या मोकळ्या लांबीच्या वर्गावर अवलंबून असते. लांबी निम्मी केली तर ताकद चौपट होते.

हा नियम अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात, पण त्याचे आकडे सेंट्रिंगखाली उभे राहून कोणी मांडत नाही, म्हणून इथे मांडतो. गावातला सभामंडप घ्या. दहा मीटर रुंद, पंधरा मीटर लांब, सहा मीटर उंच. स्लॅब १५० मिलिमीटर जाडीचा. काँक्रीट घनमीटरला अडीच टन, म्हणजे दर चौरस मीटरला पावणेचारशे किलो. प्लेटा आणि खालच्या लाकडाचे पन्नास, माणसे, व्हायब्रेटर, पाइप यांचे दीडशे धरा. टेकू एकमेकांपासून १.२ मीटरवर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वाआठशे किलो येतात. आणि ३.२ मिलिमीटर जाडीच्या त्या नळीची, दोन्ही टोकांना नुसती टेकलेली आणि मध्ये कुठेही न धरलेली असताना, सहा मीटर उंचीला वाकण्याची मर्यादा किती? साडेसहाशे किलो. तीही कागदावरची. नळी अगदी सरळ आणि भार अगदी मधोमध असेल तर. प्रत्यक्षातली नळी दहा ठिकाणी पडून वाकडी झालेली असते.

आता मधोमध, तीन मीटरवर, दोन्ही दिशांनी एकेक आडवी नळी क्लॅम्पने जोडा. त्याच टेकूची मर्यादा अडीच टनांवर जाते. नळी तीच, जागा तीच, प्रत्येक टेकूला फक्त दोन क्लॅम्प वाढले. एवढे वाकणे रोखायला लागणारा जोरही फार नसतो, टेकूवरच्या भाराच्या शेकड्याला दोन-तीन इतकाच. मामुली वाटणारा तो जोड स्लॅबच्या जगण्या-मरण्यात उभा असतो. मात्र आडव्या नळ्या नुसत्या एकमेकींना बांधून भागत नाही. सगळे टेकू एका दिशेने एकदम कलू शकतात, कवायतीतल्या रांगेसारखे. म्हणून कुठेतरी तिरप्या कैच्या हव्यात, किंवा आडव्या नळ्या आधीच भरून पक्क्या झालेल्या कॉलमना आवळलेल्या हव्यात. सभामंडपाच्या त्या उदाहरणात सव्वाशेच्या आसपास टेकू लागतील, एका पातळीला अडीचशे क्लॅम्प आणि कैच्यांचे वेगळे. वर छप्पन टन ओले काँक्रीट येणार आहे. पंपाच्या तोंडाशी मीटरभर उंच ढीग साचू दिला तर तेवढ्या जागेवर चौरस मीटरला अडीच टन पडतात, हा आणखी वेगळा धोका.

तीन मीटर उंचीच्या नेहमीच्या खोलीत हीच नळी मधल्या आडवीशिवायही भार पेलते, म्हणून सेंट्रिंगवाल्याचा अनुभव त्याला सांगतो की आडव्या नळ्या म्हणजे इंजिनियरचे फॅड. शंभर घरांत त्याचे खरे ठरते. एकशेएकावे काम देवळाचा मंडप, दुकानाचा दुमजली दर्शनी भाग, उंच पोर्च किंवा पाण्याची टाकी असते. तिथे तो तोच अनुभव घेऊन जातो. तार बांधून आडवी नळी 'लावलेली' असते. टेलिस्कोपिक टेकूची पिन हरवलेली असते, तिथे सळईचा तुकडा खोचलेला असतो. खाली भरावाच्या मातीवर दोन विटा. यात त्याला वाईट म्हणून मी हात झटकणार नाही. त्याला कोणी नकाशा दिलेला नसतो, आणि जास्तीच्या क्लॅम्पचे पैसेही कोणी दिलेले नसतात.

महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख करून द्यायची गरज नाही. पुण्यात बालेवाडीला २९ जुलै २०१६ रोजी बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्याचा स्लॅब कोसळून नऊ मजूर गेले. येरवड्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये रात्रीच्या कामावर सळयांची जड जाळी कोसळली आणि पाच मजूर दगावले. ते बिहारमधून आलेले होते. शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर १ ऑगस्ट २०२३ च्या आधीच्या रात्री गर्डर बसवणारे यंत्र पडले, वीस जणांचा जीव गेला. तिन्ही ठिकाणची कारणे वेगळी आहेत, ती एका पिशवीत कोंबू नयेत. सारखेपणा एवढाच की जे पडले ते कायमच्या इमारतीचा भाग म्हणून कोणाच्या जबाबदारीत नव्हते, किंवा अजून झालेले नव्हते. ते तात्पुरते होते. आणि तात्पुरत्या गोष्टीला आपल्या व्यवस्थेत मालक नसतो.

पाहा ना. कायमच्या इमारतीला स्ट्रक्चरल इंजिनियरची सही लागते. जोत्यापर्यंत काम आले की जोते तपासणीचा दाखला. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. रेरा कायद्याने घर घेणाऱ्याला ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे बांधणीतल्या दोषाबद्दल दाद मागायची सोय दिली, आणि ते योग्यच झाले. पण तोच स्लॅब भरला जात असताना त्याच्यावर पाच-सहा तास उभ्या असलेल्या वीस-पंचवीस माणसांसाठी कोणता दाखला आहे? ते ज्यावर उभे आहेत ते कोणी आखले, कोणी तपासले, कोणी 'भरा' म्हणाले? सामान्य बांधकामात या तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'मुकादम' असे येते.

नियम नाहीत असे कोणी म्हणू नये. तात्पुरत्या आधारांसाठी आयएस १४६८७ हे मानक १९९९ पासून आहे. नळ्यांच्या परांचीसाठी आयएस ४०१४ त्याहून कितीतरी जुने. रस्त्यांवरच्या पुलांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, आयआरसी ८७. इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ चा, त्याखालच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत काँक्रीटच्या कामावर वेगळे प्रकरणच आहे. पण त्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांची कामे वगळली आणि स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे कामही वगळले. नव्या श्रमसंहितांनी घरांची ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली आहे. तालुक्याच्या गावातली दुमजली घरे, ज्यांच्या पुढे हल्ली उंच पोर्च काढायची हौस असते, त्यातली बरीच या रेषेबाहेर पडतात. मानक ग्रंथालयात, कायदा रेषेच्या अलीकडे, आणि क्लॅम्प भाड्याच्या गोदामात. तिघांची गाठ कधी पडत नाही.

गोदामाकडे मुद्दाम बोट दाखवतो, कारण चर्चेत ते येतच नाही. सेंट्रिंगचे बहुतेक सामान भाड्याचे असते. प्लेट, स्पॅन, जॅक, नळ्या, क्लॅम्प, सगळे नगावर आणि दिवसावर. दिवसावर भाडे असल्याचा परिणाम सरळ आहे: सामान लवकर परत करायची घाई. काँक्रीटचे भारतीय मानक आयएस ४५६ म्हणते की साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याखालचे चौदा दिवस आणि सहा मीटरपेक्षा लांब बीमखालचे एकवीस दिवस हलवू नयेत. तेही साधे पोर्टलँड सिमेंट वापरले असेल आणि तापमान १५ अंशांच्या खाली नसेल तर. आज दुकानात मिळणारी बरीच पोती राखमिश्रित सिमेंटची असतात, ज्यांना सुरुवातीची ताकद यायला थोडा जास्त वेळ लागतो. पण गोदामाचा मीटर सिमेंट बघून चालत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियात २ मार्च १९७३ रोजी स्कायलाइन प्लाझा ही उभी राहत असलेली इमारत वरपासून खालपर्यंत चिरत गेली, १४ कामगार मेले. वरच्या मजल्याखालचे टेकू वेळेआधी काढले होते.

आणि गोदामातल्या क्लॅम्पला वय नाही. नवा कधी घेतला, कितीदा पडला, त्याचा जबडा उघडला आहे का, बोल्ट बदलला तर कोणता टाकला, याची नोंद नाही. हरवला तर भाडेकरूकडून पैसे कापतात, वाकला तर नाही, कारण वाकलेलाही मोजणीत नग म्हणून भरतो. पुढच्या कामावर तोच जातो. लिफ्टला तपासणीचा दाखला लागतो, इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर दरवर्षी शिक्का बसतो. भाजीवाल्याचे वजन पन्नास ग्रॅमने कमी भरू नये याची यंत्रणा आपल्याकडे आहे. छप्पन टनांखालच्या बोल्टची नाही.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न ऐरणीवर आला तो अपघातानेच. रेडिंगजवळ लॉडन नदीवरच्या पुलाचे काँक्रीट ओतताना २४ ऑक्टोबर १९७२ रोजी खालचा तात्पुरता सांगाडा कोसळला, तिघे गेले. सरकारने स्टीफन ब्रॅग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने नुसती नवी ताकदीची कोष्टके मागितली नाहीत. तात्पुरत्या कामाला जबाबदार असा एक ठराविक माणूस हवा, असे तिने सांगितले. तेथून पुढे १९८२ मध्ये बीएस ५९७५ हे मानक आले. त्या पद्धतीत एक समन्वयक असतो. त्याने आखणी तपासून घ्यायची, उभारणी आखणीबरहुकूम आहे का ते पाहायचे, आणि मग भार घालायला लेखी परवानगी द्यायची. काढतानाही तसेच. ही परवानगी नसेल तर पंप सुरू होत नाही. समितीचे शहाणपण मला इथे दिसते. अपघातानंतर कोण दोषी हे शोधण्याऐवजी काँक्रीट पडण्यापूर्वी कोणाचे नाव कागदावर असेल, हे तिने ठरवले.

आपण उलट टोकाने जातो. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत आहे. शिक्षा वाढवायला माझा विरोध नाही. पण गुन्हा नोंदला जातो तेव्हा पहिल्यांदा कोण सापडते ते बातम्यांतून दिसते: मजूर ठेकेदार आणि साइटवरचा सुपरवायझर. ज्याने दर ठरवला, ज्याने आखणीच मागितली नाही, ज्याने वाकलेला क्लॅम्प सहाव्यांदा भाड्याने दिला, त्यांच्यापर्यंत कागदाचा धागा जात नाही, कारण कागदच नसतो.

म्हणून माझी मागणी शिक्षेची नाही, दराची आणि सहीची आहे. दोन्हीची सुरुवात सरकारने स्वतःच्या कामांपासून करावी. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत स्लॅबच्या काँक्रीटचा दर नेहमीच्या बाबींत सेंट्रिंग, फॉर्मवर्क (काँक्रीटचा साचा), भरणे, दाबणे, पाणी मारणे असे सगळे धरून दिलेला असतो. म्हणजे सेंट्रिंग काँक्रीटच्या पोटात. ठेकेदाराने त्यात बचत केली तर ती कुठे केली हे बिलात दिसणारच नाही. दिल्लीच्या केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत मात्र सेंट्रिंग वेगळे मोजले जाते, आणि साडेतीन मीटरपेक्षा जास्त उंचीला पुढच्या प्रत्येक मीटरसाठी पुरेशा ब्रेसिंगसह (आडव्या-तिरप्या नळ्यांच्या आधारासह) जादा दर दिला आहे. उंचीला पैसे मिळतात हे तिथे मान्य आहे. महाराष्ट्राने तेवढेच उचलावे. आमदार निधीतून, ग्रामपंचायतीच्या निधीतून दरवर्षी किती सभामंडप उभे राहतात! त्या प्रत्येकाच्या अंदाजपत्रकात साडेतीन मीटरवरच्या सेंट्रिंगची वेगळी ओळ असू द्या. ओळ असली की मोजमाप पुस्तिकेत मोज येते, मोज आली की कनिष्ठ अभियंत्याला टेकूखाली जाऊन बघावे लागते.

सहीचे म्हणाल तर सरसकट नको. तीन मीटरच्या खोलीवर नवा कागद लादला तर घर बांधणाऱ्या माणसाला आणखी एक खिडकी आणि आणखी एक चहापाणी, एवढेच मिळेल. पण साडेतीन मीटरवरची उंची, किंवा लांब गाळा, किंवा बाहेर झुकलेला स्लॅब असेल तर एक पान हवे. टेकूंमधले अंतर, आडव्या नळ्यांच्या पातळ्या, कैच्यांच्या जागा, क्लॅम्पचा प्रकार आणि संख्या. खाली ते पाहणाऱ्याचे नाव आणि भरण्याआधीची तारीख-वेळ. परवानगी देणाऱ्या नगरपालिकेकडे ते पाठवायचे, मंजुरीची वाट पाहायची नाही. नगरपालिकेने ते मंजूर करावे अशी माझी अपेक्षाही नाही. ते तिथे पडून राहिले तरी चालेल.

यावर लगेच येणारा आक्षेप मला माहीत आहे: सह्या विकत मिळतात. मिळतात. जोत्याच्या मिळतात, भोगवट्याच्या मिळतात, याही मिळतील. पण अडीचशे क्लॅम्प लिहून दिलेल्या कागदावर सही करणारा आणि कोऱ्या जागेखाली सही करणारा, दोघांची जोखीम सारखी नाही. पडलेल्या ढिगाऱ्यात क्लॅम्प मोजता येतात. 'सेंट्रिंग समाधानकारक' या वाक्याचे काहीच मोजता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे जुन्या नळी-क्लॅम्पचे दुखणे, कपलॉक (नळ्या कपात अडकवून जोडायची पद्धत) आणि अॅल्युमिनियमचे फॉर्मवर्क आले की आपोआप सुटेल. कपलॉक खरोखर चांगले आहे. कप नळीवरच जडलेले असतात, सुटा बोल्ट नाही, हरवण्यासारखे फार काही नाही. पण वरचा कप हातोडीने ठोकून बसवावा लागतोच, तिरपी कैची तिथेही लागते, आणि ती बहुतेकदा त्याच जुन्या स्विव्हल क्लॅम्पने बांधतात. शिवाय मोठ्या बिल्डरने टाकून दिलेले सामान पुढे कुठे जाते? तालुक्याच्या गोदामात. यंत्रणा जुनी होऊन खाली झिरपते, तिच्याबरोबर तिची पुस्तिका येत नाही. अमेरिकेतल्या विलो आयलंडला २७ एप्रिल १९७८ रोजी कूलिंग टॉवरवरून ५१ कामगार पडून मेले. तिथली फॉर्मवर्कची यंत्रणा गचाळ नव्हती, चांगली अभियांत्रिकी होती. ती ज्याला अडकवली होती ते काँक्रीट मात्र एका दिवसाचे होते, आणि पुरेसे पक्के झाले का हे तपासल्याशिवाय पुढचा भार चढवला गेला.

गोदामांसाठी काय करता येईल? परवान्यांचे राज्य नको, पण वजनकाट्यासारखी वर्षातून एकदा तपासणी अशक्य नाही. आटे गेलेला, जबडा उघडलेला, तडा गेलेला क्लॅम्प तिथेच कापून भंगारात, उरलेल्यांना त्या वर्षाच्या रंगाचा पट्टा. साइटवर रंग पाहून मजुरालाही कळेल. खर्च कोणी करायचा? बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कामगार कल्याणासाठी गोळा होतोच. त्यातून राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाने सुरक्षा संच वाटले, भांड्यांचे संच वाटले. संचातले हेल्मेट कामाचे आहे, पण वरून छप्पन टन आले तर त्याचा उपयोग नाही. काही कामगार संघटना म्हणतील की उपकराचा पैसा गोदाममालकांच्या सामानावर का? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की तपासणीचा खर्च मंडळाने द्यावा, बदलीचा गोदामाने. आणि पट्टा नसलेले सामान सरकारी कामावर चढू देऊ नये. खासगी कामे मग आपसूक मागे येतील, कारण गोदाम एकच असते.

या सगळ्याने सेंट्रिंग महागेल का? उंच कामांत महागेल, आणि महागायलाच हवे. आज ते स्वस्त आहे कारण त्याची किंमत दुसरा कोणी मोजतो आहे. सभामंडपाच्या कोनशिलेवर देणगीदारांची नावे येतात, निधी देणाऱ्याचे नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात येते. अंदाजपत्रकात अडीचशे क्लॅम्पची ओळ घालायला तो निधी नक्कीच पुरतो. पुढच्या वेळी तुमच्या गावात सहा मीटर उंचीचा स्लॅब भरायचा असेल तेव्हा ग्रामसभेत उठून ती ओळ दाखवा म्हणून विचारा. आणि मग भरण्याच्या आदल्या संध्याकाळी, पंप येण्याआधी, खाली जाऊन मोजायला कोण जाणार आहे, त्याचे नाव विचारा.